शेजारणीच्या गाडीचं वायरिंग

आमच्या शेजारणीच्या गॅरेजात एक शर्यतीची गाडी आहे हे मला फार उशिरा कळलं, तेही ती गाडी भंगारात निघाली होती म्हणून.

२०२०च्या सुरुवातीला आम्ही आयर्लंडमधल्या लेटरकेनीत राहायला आलो होतो. नवरा तिथल्या सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मी चाकणच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले होते. आमचा कारखाना मोटारींचं वायरिंग बनवायचा. इंजिनापासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीच्या अंगात वायरींचं जे जाळं पसरलेलं असतं, त्याची ड्रॉइंग काढायचं काम माझं. कुठली वायर किती जाड, कुठून वळणार, कुठे फाटा फुटणार, हे सगळं कागदावर आणि कॉम्प्युटरवर. लेटरकेनीत या कामाला विचारणारं कोणी नव्हतं. मी अर्ज करत होते आणि उत्तरं येत नव्हती.

फेब्रुवारीत सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि त्या इथेच अडकल्या. त्या कोल्हापूरच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. 'मी येतो', 'मी जेवतो' असं खास कोल्हापुरी बायकांचं बोलणं. लग्नानंतर मी पुण्यात आणि त्या कोल्हापुरात, त्यामुळे आमचं नातं दिवाळी-गणपतीपुरतं होतं. आता आम्ही दोघी दिवसभर एका घरात होतो आणि नवरा बहुतेक वेळ हॉस्पिटलात. घरी आला तरी तो वरच्या खोलीत वेगळा राहायचा. ताट दाराशी ठेवायचं आणि खाली यायचं, असे ते दिवस होते.

शेजारीण पन्नाशीची, उंच, मजबूत बांध्याची, एकटी राहणारी. नवऱ्याच्याच हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाची सिस्टर. "तिच्यासमोर आमचे मोठे डॉक्टरसुद्धा हळू आवाजात बोलतात," असं नवरा सांगायचा. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. ड्यूटीवरून आली की ती भिंतीपलीकडे उभी राहून सिगारेट ओढायची आणि आई, म्हणजे सासूबाई, अलीकडून विचारायच्या, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "ग्रँड, ग्रँड." ग्रँड म्हणजे इथे 'मजेत', पण 'जेवले' असा आईंचा बरेच दिवस समज होता. तिचं इंग्रजी इथल्या भागाचं, डोनेगॉलचं, प्रत्येक गोष्टीला 'वी' लावणारं. वी चहा, वी पाऊस. वी म्हणजे इवलासा. पाऊस कधीच इवलासा नसायचा.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी तिच्या दारात ट्रेलर जोडलेली एक व्हॅन उभी राहिली. कपडे वाळत घालायला मी मागे गेले, तर तिचं गॅरेज पहिल्यांदाच सताड उघडं दिसलं. आत एक छोटी पांढरी गाडी होती. दारांवर जुन्या नंबरांचे फिकट ठसे होते. एक अनोळखी माणूस तिच्याभोवती फिरत, बॉनेट उघडून बघत होता. शेजारीण हाताची घडी घालून उभी होती.

मी भिंतीशी गेले. गाडीत ड्रायव्हरची एकच सीट, आणि भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. जिथे डॅशबोर्ड असायला हवा तिथे भगदाड, आणि त्यातून वायरींची तोडलेली टोकं बाहेर आलेली. कोपऱ्यात खताच्या दोन पिशव्या होत्या, त्यांत उपटून काढलेलं सगळं वायरिंग कोंबलं होतं.

तो माणूस गेल्यावर तिने सांगितलं. डोंगरावर जाणारा एखादा रस्ता दिवसभर बंद ठेवतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात. कोण लवकर पोचतं ते बघायचं. तिच्यासारखे हौशी लोक त्यात भाग घेतात, ती कितीतरी वर्षं घेत आली होती. आदल्या वर्षी अर्ध्या चढावर डॅशबोर्डमागून धूर आला आणि गाडी बंद पडली. एक वायर पत्र्याला घासून सोलली गेली होती. तिचा भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला एका खाणीत इलेक्ट्रिशियन. तो नाताळात घरी आला तेव्हा त्याने सगळं वायरिंग काढून टाकलं. "ईस्टरला येतो, नवं घालू," म्हणाला. ईस्टर येईपर्यंत ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली होती.

"तो कधी येईल देवाला माहीत," ती म्हणाली. "मला आता वेळही नाही आणि मनही नाही. हा माणूस इंजिन घेईल. बाकीचं भंगार."

मी घरी येऊन आईंना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"मग तू कर की," त्या म्हणाल्या.

"आई, मी नुसती ड्रॉइंग काढायचे. हातानं बांधणारी माणसं वेगळी होती."

"पण कुठली वायर कुठं जाती ते तुलाच ठाऊक होतं न्हवं?"

"ते होतं."

"मग? दिवसभर त्या लॅपटॉपपुढं बसून उसासे टाकतीस, ते बघवत न्हाई मला. जा, विचार जा तिला."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "मी करून बघू का?" कारखान्याचं, ड्रॉइंगचं सांगितलं. हेही सांगितलं की अख्खी गाडी हाताने वायर केलेली नाही, एकदाही नाही.

तिने विचारलं, "तुला वेळ आहे?"

"माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं काही नाही."

ती मोठ्याने हसली. तिला हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. मग तिने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच त्या ट्रेलरवाल्याला कळवून टाकलं की गाडी विकायची नाही.

तिच्या भावाला हे पटलं नाही. व्हिडिओ कॉलवर तिने फोन भिंतीवर उभा केला आणि आमची ओळख करून दिली. तो सभ्यपणे बोलला, पण आवाज थंड होता. रस्त्यावरच्या गाडीचं वायरिंग वेगळं आणि शर्यतीच्या गाडीचं वेगळं, पिशवीतलं जुनंच दुरुस्त करून परत घालावं, असं त्याचं म्हणणं. मी रात्री त्या पिशव्या उपसून बघितल्या होत्या. वायरींचं कवच चिरफाळलेलं, आतलं तांबं काळं पडलेलं. मी म्हटलं, जुनं घातलं तर पुन्हा धूर येणार. तो म्हणाला, नवं घातलं तर काय येईल ते तुम्हाला कुठे माहीत आहे? आमचं थोडा वेळ असंच चाललं.

शेवटी शेजारीण मध्ये पडली. "गाडी माझी आहे. नवं घालायचं." आणि फोन बंद.

ऑक्टोबरात पुन्हा कडक टाळेबंदी येणार, कोणी कोणाच्या घरी किंवा अंगणातही जायचं नाही, असं ठरत होतं. मग मी तिच्या गॅरेजात काम कसं करणार? आमचं गॅरेज खोक्यांनी भरलेलं होतं. ती खोकी आम्ही घरात घेतली आणि एका दुपारी, नियम लागू व्हायच्या आधी, गाडी ढकलत आमच्याकडे आणली. शेजारीण आत बसून स्टिअरिंग धरून, मी आणि नवरा मागून ढकलतोय, तिघांच्याही तोंडाला मास्क. आमच्या फाटकाशी चढ होता. गाडी मागे घसरू नये म्हणून आई नऊवारीवर स्वेटर आणि शेजारणीने दिलेली लोकरीची टोपी घालून, हातात मोठा दगड घेऊन चाकामागोमाग चालत होत्या. आम्ही थांबलो की दगड चाकामागे. "ढकला, ढकला! दम खाऊ नका आता!" रस्त्यापलीकडचे म्हातारे आजोबा खिडकीत खुर्ची ओढून बघत बसले होते. गाडी आत गेल्यावर त्यांनी काचेमागून टाळ्या वाजवल्या.

चारच दिवसांनी दसरा आला. मी सकाळी गॅरेजात गेले तर गाडीच्या बॉनेटवर हळदीकुंकू आणि शेवंतीच्या फुलांचा हार. झेंडू मिळाला नाही म्हणून आईंनी सुपरमार्केटमधला गुच्छ सोडवून हार केला होता. माझा पाना, पक्कड आणि मल्टिमीटर पाटावर मांडलेले. शेजारीण ड्यूटीवरून आली आणि भिंतीपलीकडून ओरडली, "माझ्या गाडीच्या डोक्याला काय झालं?" मी सांगितलं की आज आमच्यात हत्यारांची आणि वाहनांची पूजा करतात. तिने भिंतीवरून वाकून हार नीट पाहिला. मग म्हणाली, "पुसू नका. असू दे तसंच."

काम मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. शर्यतीच्या गाडीत रेडिओ नाही, काचा वरखाली करणाऱ्या मोटरी नाहीत. इंजिन, पेट्रोलचा पंप, पंखा, दिवे, वायपर आणि दोन-तीन काटे एवढंच. कागदावर मी ते आठवडाभरात काढलं. पण कारखान्यात माझ्या ड्रॉइंगची रेघ काढली की ती लांबी खरी मानून पुढचं काम व्हायचं. इथे लांबी कोण सांगणार? मग आम्ही सुतळीचा गुंडा आणला. मी बॉनेटमध्ये वाकून एक टोक धरायचं, आईंनी गाडीच्या मागे दुसरं टोक, आणि सुतळी पत्र्याच्या कडेकडेने, वायर जशी जाईल तशी फिरवायची. एका प्लायवुडवर खिळे ठोकून त्यांना त्या सुतळ्या वळवल्या. गाडीचं आतलं जाळं हळूहळू प्लायवुडवर दिसायला लागलं.

वायरींना चिठ्ठ्या लावायचं काम आईंनी घेतलं. त्यांचं अक्षर सुरेख. पांढऱ्या पट्टीवर त्या लिहायच्या: पंखा. पंप. डावा दिवा. उजवा दिवा. "इंग्रजीत लिहू या का?" मी विचारलं. "कशाला? जोडणारी तू, तपासणारा मी," त्या म्हणाल्या. तपासायचं काम त्यांना फारच आवडलं. मल्टिमीटरच्या दोन सुया वायरीच्या दोन टोकांना लावल्या आणि वायर अखंड असली की तो पीं करून वाजतो. एक्स्चेंजमध्ये नवीन असताना त्या आणि त्यांची मैत्रीण अशाच दोन टोकांना उभ्या राहून लाइन तपासायच्या, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. माझे सासरे त्यांना बघायला आले त्या दिवशीही त्या ड्यूटीवरून थेट घरी गेल्या होत्या आणि साडीला केबलच्या ग्रीसचे डाग होते, तेही सांगितलं. इतक्या वर्षांत मला यातलं काही माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गाडीच्या दोन टोकांना उभ्या राहून आम्ही तास न् तास बोलत असू.

"पीं!"

"झाली ती. पुढची घे."

जानेवारीत सगळंच थांबलं. ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यामुळे तिकडून येणारी पार्सलं कस्टममध्ये अडकायला लागली. वायरीच्या टोकांना लावायच्या पितळी टोप्या त्यात होत्या, त्यांच्याशिवाय एकही जोड होत नव्हता. ते तर काहीच नव्हतं. हॉस्पिटल भरून गेलं होतं. नवरा घरी यायचा, आंघोळ करायचा, भिंतीला टेकून जिन्यावरच बसून राहायचा. आणि मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "शेजारीण ॲडमिट झाली आहे."

तिला लागण झाली होती. तिच्याच वॉर्डात ती पेशंट म्हणून पडली होती. नवरा रोज सांगायचा: आज ऑक्सिजन वाढवला. आज तेवढाच आहे. आज तिने मास्कमधूनच मला हात केला आणि शेजारच्या पेशंटची सलाइन संपत आली आहे असं खुणेनं दाखवलं. त्या दिवशी आई म्हणाल्या, "मग ती बरी होणार."

ती बरी झाली, पण घरी आली ती वेगळीच होऊन. फाटकापासून दारापर्यंत चालताना मध्ये थांबायची. आईंनी तिच्यासाठी पांढरा रस्सा केला, मिरी कमी घालून, आणि डबा भिंतीवर ठेवला. पुढे कित्येक दिवस तो डबा भिंतीवरून जात-येत राहिला. एकदा तिने खिडकीतून मला फोन केला. आवाजात मधून मधून श्वास.

"गाडी कुठवर आली?"

मी महिनाभर गॅरेजचं दार उघडलं नव्हतं. पार्सल तर येऊन पडलं होतं. मला वाटत होतं, आता ही गाडी कोणासाठी करायची? हे तिला कसं सांगणार?

"चालू आहे," मी म्हटलं.

"छान," ती म्हणाली. "मी झोपले की त्या रस्त्याची वळणं मोजते. डावं, उजवं, मग लांब उजवं. झोप लागते."

फोन ठेवला आणि मी तशीच गॅरेजात गेले. मागोमाग आई टोपी घालून आल्या. त्या दिवशी आम्ही पहिली पितळी टोपी वायरीवर दाबून बसवली. ती वाकडी बसली, कापून टाकली. दुसरीही टाकली. तिसरी मी जोर लावून ओढली, तर निघाली नाही.

त्यानंतर मागे बघितलं नाही. सगळ्या जोडण्या झाल्यावर वायरींच्या जुड्यांना कापडी पट्टी गुंडाळायची होती. ते आईंनी केलं. पट्टीचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, कुठे सुरकुती नाही. तोवर वसंत आला होता. शेजारीण तिच्या बाजूला भिंतीजवळ खुर्ची टाकून, घोंगडीत पाय गुंडाळून उन्हात बसायची आणि आमच्या उघड्या दारातून आत बघायची. सिगारेट सुटली होती. एप्रिलमध्ये कोल्हापुरातून वाईट बातम्या यायला लागल्या. आईंच्या धाकट्या बहिणीच्या घरात सगळ्यांनाच झालं होतं. आई सकाळी फोन लावायच्या, तिचा आवाज ऐकायच्या आणि मग गॅरेजात येऊन उरलेली पट्टी गुंडाळायला घ्यायच्या. दोन आठवड्यांनी बहीण फोनवर भांडली, तुझ्या पोराला सांग मला गोळ्या बदलून दे म्हणून, तेव्हा आई हसल्या.

मे महिन्यात निर्बंध सैल झाले आणि शेजारीण पहिल्यांदा आमच्या गॅरेजात आली. गाडीत सगळं वायरिंग बसलं होतं. तिने किल्ली माझ्या हातात दिली. "तू."

"नाही, गाडी तुमची आहे."

तिने किल्ली फिरवली. पंप गुणगुणला. स्टार्टर दोनदा ओरडला आणि इंजिन सुरू झालं. तो आवाज! त्या बंद जागेत छातीत घुमणारा. इतके महिने ज्या गल्लीत माणूस खोकलेलंही ऐकू यायचं तिथे हा गडगडाट. आईंनी कानांवर हात ठेवले आणि त्या हसत होत्या. शेजारीण स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती.

मग ती म्हणाली, "आता तरफ ओढून बघू."

शर्यतीच्या गाडीला बाहेर, काचेखाली, एक लाल तरफ असते. अपघात झाला, गाडी उलटली, तर बाहेरच्या माणसाने ती ओढायची आणि गाडीतली सगळी वीज तोडायची, म्हणजे आग लागत नाही. मी ती तरफ ओढली. दिवे जराही हलले नाहीत. इंजिन चालूच. पुन्हा दाबून पुन्हा ओढली. चालूच. शेजारणीने किल्लीने बंद केलं तेव्हा ते थांबलं.

माझे कान तापले. बॅटरी तोडली तरी गाडी चालते कशी? मी घाईघाईने सगळ्या जोडण्या बघायला लागले. शेजारीण भावाला फोन लावत होती. ते मला नको होतं. पण पर्थमध्ये दुपार होती आणि त्याने लगेच उचलला. मी त्याला सगळं सांगितलं.

"त्या स्विचला टोकं किती आहेत?" त्याने विचारलं.

"दोन."

मला वाटलं, आता ऐकवणार. तो म्हणाला, "माझ्या पहिल्या गाडीला मीही दोनच टोकांचा लावला होता. तपासणीत नापास केलं मला, सगळ्या गावासमोर."

मग त्याने समजावून दिलं. इंजिन एकदा फिरायला लागलं की त्याला जोडलेला अल्टरनेटर स्वतःच वीज बनवतो. बॅटरी तोडली तरी ती वीज वायरींत खेळत राहते. म्हणून सहा टोकांचा स्विच लागतो, तो दोन्हीकडची वीज एकदम तोडतो. रस्त्यावरच्या गाडीत ही गोष्टच नसते, त्यामुळे माझ्या ड्रॉइंगमध्ये ती आयुष्यात कधी आली नव्हती. "माझ्याकडे एक नवा आहे," तो म्हणाला. "तिच्या स्वयंपाकघरात वरच्या प्रेसमध्ये बिस्किटाचा डबा आहे, त्यात." प्रेस म्हणजे इथे कपाट. शेजारीण डबा घेऊन आली. मी तो स्विच बसवेपर्यंत भाऊ फोनवरच थांबला. मी फोन फिरवून त्याला आतलं सगळं दाखवलं. एका जागी तो म्हणाला, "थांब. परत दाखव. हे कोणी गुंडाळलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

"त्यांना सांग, खाणीत नोकरी आहे."

पुन्हा इंजिन सुरू केलं. मी तरफ ओढली. एकदम शांतता. आई दचकल्या. "बंद पडली?"

"नाही आई, बंद केली."

ऑगस्टच्या शेवटी शर्यत होती. दोन तासांच्या अंतरावर, हेदरच्या रानफुलांनी जांभळा झालेला एक डोंगर आणि त्यावरून जाणारा अरुंद रस्ता. प्रेक्षकांना बंदी होती, पण प्रत्येक गाडीबरोबर दोन मदतनीस चालणार होते. नवऱ्याला ड्यूटी होती. मग मनगटाला मदतनीसाच्या कागदी पट्ट्या बांधून मी आणि आई गेलो. पाऊस होता, इवलासा.

आधी तपासणी. पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ टॉर्च घेऊन गाडीत वाकला. तरफ ओढली, इंजिन थांबलं. मग तो बराच वेळ डॅशबोर्डखाली डोकं घालून राहिला.

"ही कुठली भाषा?" आतून आवाज आला.

"मराठी," मी म्हटलं. "तिथे 'वायपर' लिहिलंय."

"आणि काही बिघडलं तर आम्ही काय करायचं?"

शेजारीण म्हणाली, "या दोघींना हाक मारायची."

तो बाहेर आला, गुडघे झटकले. "नीटनेटकं आहे," एवढंच म्हणाला आणि काचेवर स्टिकर लावला.

पहिल्या फेरीला ती निघाली. आवाज वळणामागे गेला, मग पुन्हा वर कुठेतरी ऐकू आला, मग पुन्हा गेला. डावं, उजवं, लांब उजवं. ती खाली आली ती काचेला नाक लावून. वायपर अर्ध्यात बंद पडला होता. मी फ्यूज काढला. ओल्या काचेवरच्या ओझ्यापुढे तो कमी ताकदीचा होता, तो वितळला होता. चूक माझीच, हिशेबात कमी धरलं होतं. जाड फ्यूज घातला. आईंनी साडीच्या पदराने काच आतून पुसली. दुसऱ्या फेरीला वायपर फिरत होता आणि ती आधीपेक्षा लवकर वर पोचली.

परत आल्यावर ती बराच वेळ हेल्मेटसकट आतच बसली होती. मी घाबरून दार उघडलं. तिने हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले. "श्वास पुरला," ती म्हणाली. "शेवटच्या वळणापर्यंत पुरला." मी तिचा हात धरला. आईंनी थर्मासमधला चहा ओतून दोघींच्या हातात दिला.

आमच्या पलीकडे एका निळ्या गाडीचा मालक मघापासून घुटमळत होता. त्याचं लेटरकेनीबाहेर गॅरेज होतं, आणि त्याच्या गाडीचे दिवे मनाला येईल तेव्हा लागत होते. "वी नजर टाकाल का?" त्याने विचारलं. मी टाकली. एक ढिली अर्थिंगची वायर होती. महिन्याभराने त्याने मला आठवड्यातून तीन दिवस कामाला बोलावलं. अजून तिथेच आहे मी, आता पाच दिवस.

परतीच्या वाटेवर शेजारीण व्हॅन चालवत होती, मागे ट्रेलरवर गाडी. खिडक्यांवर वाफ धरली होती आणि आत चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास. आईंनी बहिणीला फोन लावला आणि फोनशिवायही कोल्हापूरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागल्या.

"अगं, शर्यतीला गेलतो! व्हय, मी! मनगटाला पट्टी बांधली माझ्या. मेकॅनिक म्हणून!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आला की नंबर. न येऊन काय करतोय?" आई म्हणाल्या. मग आमच्याकडे बघून आवाज जरा खाली आणला. "खालनं तिसरा."